वानखेडेभाऊंचा एकच खोटा रिपोर्ट

तन्वीचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकच्या एका सुपरमार्केटात टोमॅटो निवडत होते. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून पहिल्यांदा घेतला नाही. लगेच पुन्हा वाजला. ‘गौरीमावशी? मी तन्वी. वॉटफर्डहून. बाबा... बाबा गेली आज सकाळी.’ तन्वी इथेच जन्मलेली, बावीस वर्षांची; तिच्या मराठीत बाई-पुरुषाचा नेहमीच गोंधळ होतो आणि एरवी आम्ही सगळे त्यावर हसतो. क्षणभर मला वाटलं, ती कुणाच्या तरी बाहेर जाण्याबद्दल बोलते आहे. मग ती म्हणाली, ‘हार्ट. आई चहा करत होता, आणि बाबा खुर्चीत...’ पुढे ती इंग्रजीत बोलली आणि सगळं नीट कळलं. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी टोमॅटो पिशवीत घातले, दूध घेतलं, बिल करून गाडीत येऊन बसले. रडू आलं नाही. ह्याला आता सात आठवडे होतील.

तन्वीचे बाबा, सुरेश वानखेडे, एकसष्ट वर्षांचे होते. मूळ नागपूरचे. चौतिसाव्या वर्षी एका मोठ्या कोरियन कंपनीने त्यांना कोरियात नेलं, सोलपासून तासाभरावरच्या मुख्य कचेरीत. तिथे चार वर्षं काढल्यावर कंपनीने त्यांना इंग्लंडला पाठवलं आणि ते इथलेच झाले. त्यांच्या पत्नी शैलावहिनींची शाळेतली नोकरी वॉटफर्डला, वानखेड्यांचं ऑफिस बेसिंगस्टोकला, त्यामुळे रोज येऊन-जाऊन अडीच तास गाडीत. घरोघरी असतात ती कपडे धुण्याची यंत्रं, फ्रिज, टीव्ही हे सगळं बनवणारी ही कंपनी. आमच्या ऑफिसात त्या यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर तपासलं जायचं. वानखेडे तपासणीचे प्रमुख. त्यांच्या रिपोर्टवर त्यांची सही झाल्याशिवाय युरोपात एकही नवीन मॉडेल विकायला जात नसे.

मी तिथे रुजू झाले तो जानेवारीतला सोमवार होता. पुण्याहून येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, नवरा निखिल अजून भाड्याच्या घरात खोकी उघडत होता. नऊला ऑफिस म्हणून मी नऊला दहा कमी असताना पोचले, तर सगळा कोरियन स्टाफ आधीच खुर्च्यांवर बसलेला. कोट कुठे अडकवायचा ते मला कळेना. तेवढ्यात कपाळावर चष्मा चढवलेला एक उंच माणूस आला आणि मराठीत म्हणाला, ‘कोट तिकडं. आणि ती खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसून राहिली ना, तिच्यावर नका बसू. ते साहेबांची आहे, साहेब कोरियात असले तरी त्यांचीच असते.’ मी म्हटलं, थँक्यू सर. तर म्हणाले, ‘सर नका म्हणू बाप्पा. भाऊ म्हणा.’ त्या दिवसापासून ते वानखेडेभाऊ आणि मी, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असूनही, गौरीताई.

कोरियन कंपनीत परदेशी माणसाने काम करायचं म्हणजे नेमकं काय, हे मला त्यांच्याकडूनच हळूहळू समजलं. ऑफिस इंग्लंडमध्ये, पण इंग्लिश लोकही तिथे परदेशीच. निर्णय कोरियन भाषेत, कोरियाहून पाठवलेल्या पाच-सहा जणांमध्ये व्हायचा आणि आमच्यापर्यंत इंग्रजी ईमेलच्या रूपाने पोचायचा, तोवर तो झालेला असायचा. नावाने कुणालाही हाक मारायची नाही. आडनाव, हुद्दा आणि त्यापुढे ‘निम’. भाऊंनी मला समजावलं होतं की निम म्हणजे आपलं राव किंवा साहेब, ते विसरलं की समोरच्याला नुसत्या गंजिफ्रॉकवर उभं केल्यासारखं होतं. कोरियात वानखेडे हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. त्यातला पहिला तुकडा मात्र, ‘व’चा ‘ब’ होऊन, त्यांच्याकडे चक्क आडनाव म्हणून चालतो, म्हणून ते झाले ‘बान’. छाजांग म्हणजे उपव्यवस्थापक. ते चौदा वर्षं बान छाजांगच राहिले. त्याच्या वरची पायरी बुजांगची, आणि ती पायरी आमच्या ऑफिसात कुठल्याही परदेशी माणसाने चढलेली मी पाहिली नाही. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, ‘भाऊ, वाईट नाही का वाटत?’ ते म्हणाले, ‘वाटते ना. पण रोज वाटून घ्यायला वेळ कुठं आहे?’

कोरियन त्यांना उत्तम यायची. कंपनीच्या वसतिगृहात राहताना तिथल्या कँटीनमधल्या बायकांकडून शिकले, त्यामुळे सुरुवातीला त्यांची भाषा एखाद्या खेडवळ मावशीसारखी होती म्हणे, आणि मीटिंगमध्ये ते बोलायला लागले की लोक खाली बघून हसायचे. इंग्लंडला येईपर्यंत ती घासूनपुसून साफ झाली होती. ह्या भाषेमुळे ऑफिसात दोन्ही बाजूंना ते हवे असत. इंग्लिश मंडळी त्यांना कोपऱ्यात गाठून विचारायची, वर काय शिजतंय. कोरियन विचारायचे, हे लोक ‘इंटरेस्टिंग’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ हो असतो की नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते द्यायचे. पहिल्याचं कधीच नाही. कोरियनमध्ये कानावर पडलेलं त्यांच्या तोंडून इंग्रजीत किंवा मराठीत कधी बाहेर आलं नाही. ते मला तेव्हा थोडं तुसडेपणाचं वाटायचं, खरं सांगायचं तर.

दर सोमवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे कोरियातल्या संध्याकाळी, मुख्य कचेरीशी व्हिडिओवर मीटिंग असे. तिसऱ्या वर्षातली एक मीटिंग मला स्वच्छ आठवते. कपडे धुण्याचं एक नवीन यंत्र बाजारात यायचं होतं, तारीख ठरलेली, जाहिराती छापलेल्या. आमच्या तपासणीत मात्र काही शे वेळा चालवल्यावर एकदा त्याचं दार पाणी आत असतानाच उघडलं होतं. एकदाच. पुन्हा ते कुणाला करून दाखवता येईना. पडद्यावर कोरियातले बडे साहेब होते, खोलीत आमचे विभागप्रमुख आन बुजांग. आन आणि भाऊ कोरियात तरुणपणी एकाच टीममध्ये होते, एकाच वसतिगृहात राहिलेले. सगळ्यांना भाऊंची सही हवी होती. भाऊ उभे राहिले, कोरियनमध्ये दोन-एक मिनिटं बोलले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि बसले. आन बुजांगांचे कान लालबुंद झाले होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणालात? एरवी न सांगणारे भाऊ त्या दिवशी बोलले, कारण ते त्यांचं स्वतःचं बोलणं होतं. ‘म्हटलं, ह्या मशीनसमोर लहान लेकरू बसून कपडे फिरताना पाहते. माझी सही होणार नाही. तुम्हाला करायची असेल तर करा, मी पेन आणून देतो.’

पेन कुणी मागितलं नाही. यंत्र तीन आठवडे उशिरा बाजारात आलं, दाराच्या कुलपात खरोखरच दोष सापडला. भाऊंचं कुणी अभिनंदन केलं नाही. त्यांची जागा प्रिंटरशेजारी हलवली आणि पुढचे सहा महिने टीमच्या जेवणांना त्यांना बोलावणं नसे. ते दुपारी पूर्वीसारखेच पॉलबरोबर जेवत. पॉल हा आमच्या लॅबमधला टेस्टर, बेसिंगस्टोकचाच, भाऊंहून वर्षभराने मोठा. शैलावहिनींच्या हातच्या पोळ्यांतली एक त्याची आणि त्याच्या चीज सँडविचचा अर्धा तुकडा भाऊंचा, हा हिशेब बारा वर्षं चालू होता. दोघं जेवताना फार बोलत नसत. पॉल वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचा, आणि अडला की कागद नुसता भाऊंकडे सरकवायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण ती टाळून भाऊंबद्दल लिहिणं म्हणजे ह्या पानावर त्यांचा नुसता फोटो छापल्यासारखं होईल.

मला तिथे साडेचार वर्षं होऊन गेली होती. इथे व्हिसावर आलेल्या माणसाला पाच वर्षं सलग नोकरी झाली की कायम राहण्याची परवानगी मिळते. आम्ही सगळे तिला आयएलआर म्हणतो आणि तिच्या तारखेकडे डोळे लावून बसतो. माझी तारीख जानेवारीतली. त्याआधी नोकरी गेली तर दुसरी शोधायला जेमतेम दोन महिने, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत. निखिलचा व्हिसाही माझ्यावरच. त्याला कॉम्प्युटरचा कंटाळा आला होता, गणिताचा शिक्षक व्हायचं होतं. त्या उन्हाळ्यात त्याला वर्षभराच्या कोर्सला जागा मिळाली. नोकरी सोडावी लागणार होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसच्या किचनमध्ये भाऊंना गाठलं. ते कॉफीचा मग विसळत होते.

‘भाऊ, एक विचारू? निखिल नोकरी सोडून कोर्स करतोय. माझी नोकरी तशी पक्की आहे ना?’

त्यांनी मग विसळला. पुन्हा साबण लावला, पुन्हा विसळला. ‘घाई काहून करून राहिले?’ ते म्हणाले. ‘निखिलरावांना म्हणा, एक वर्ष थांबा.’

‘का पण?’

‘असंच. कोर्स कुठं पळून जाते...’

मी हसून सोडून दिलं. मोठ्या माणसांना कुणी नोकरी सोडणार म्हटलं की धडकी भरते, त्यातलंच हे, असं मला वाटलं. निखिलने राजीनामा दिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याचा कोर्स सुरू झाला आणि पंधरवड्यात मला एका बंद खोलीत बोलावलं. आत एचआरच्या बाई, आन बुजांग आणि टेबलाच्या टोकाला भाऊ. आमचं काम पोलंडमधल्या ऑफिसात जाणार, बेसिंगस्टोकचे सात जण रिडंडंट, म्हणजे नोकरीतून कमी, त्यांत मी. आन बुजांग खालच्या आवाजात कोरियनमध्ये एक-एक वाक्य बोलत आणि भाऊ ते इंग्रजीत सांगत. सपाट, एकही शब्द वर-खाली न करता. कंपनीला अत्यंत खेद होतो आहे. तुमच्या योगदानाबद्दल कंपनी ऋणी आहे. मी त्यांच्याकडे बघत होते, ते समोरच्या कागदाकडे.

संध्याकाळी मी कार पार्कमध्ये त्यांच्या गाडीशेजारी जाऊन उभी राहिले. ते आले, मला पाहिलं, किल्ली खिशात ठेवली.

‘तुम्हाला माहीत होतं.’

‘होतं.’

‘कधीपासून?’

‘जुलैपासून.’

‘म्हणजे मी किचनमध्ये विचारलं तेव्हा...’

‘तेव्हाही होतं.’ मग, ‘गौरीताई, जुलैतली मीटिंग सुरू व्हायच्या आधीच कुणाला सांगणार नाही असा माझ्याकडून शब्द घेतला होता. मी दिला होता.’

मी ओरडले नाही. मी म्हटलं, ‘भाऊ, तुम्ही आमच्यातले नाही आणि त्यांच्यातलेही नाही. तुम्ही नुसतं भाषांतर आहात.’ हे वाक्य मला त्या वेळी फार जमल्यासारखं वाटलं. घरी जाताना गाडीत मी ते दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि निखिललाही ऐकवलं. तो कोर्सचं पुस्तक मिटून बसला होता.

पॉलसकट सहा जण ऑक्टोबरअखेर गेले. माझ्या पत्रात मात्र शेवटचा दिवस फेब्रुवारीचा होता. कारण दिलं होतं की पोलंडच्या लोकांना काम समजावून देण्यासाठी माझी गरज आहे. मला वाटलं, पिळून घेतायत. ते समजावणं तीन आठवड्यांत संपलं. पुढे मला काही कामच नव्हतं. रोज जाऊन बसायची, जुन्या फायली नीट लावायची आणि कंपनीच्या गलथानपणाला हसायची. भाऊंशी कामापुरतं बोलायचे. समोरच्या टेबलावर ते एकटेच डबा खायचे, एक पोळी शिल्लक राहायची. जानेवारीत मी आयएलआरचा अर्ज केला, फेब्रुवारीत परवानगी हातात पडली. शेवटच्या दिवशी केक होता. मी भाऊंच्या टेबलापर्यंत गेले नाही. एप्रिलमध्ये मला रेडिंगला एका इंग्लिश कंपनीत नोकरी लागली. निखिल पुढे शिक्षक झाला, आज बेसिंगस्टोकच्याच एका शाळेत गणित शिकवतो. म्हणजे आमचं काही बिघडलं नाही. पण ते सात-आठ महिने आम्ही दोघं ज्या भीतीत जगलो, ती मी विसरले नव्हते आणि तिला मी भाऊंचं नाव देऊन ठेवलं होतं.

दोन वर्षांनी गाडीचे टायर बदलायला गेले होते. वाट बघायच्या खुर्च्यांवर शेजारीच आन बुजांग. त्यांची जर्मनीला बदली झाली होती, जाण्याआधी गाडी विकायची म्हणून टायर. मी सवयीने उठून वाकले. ते घाईघाईने मला बसायला सांगू लागले, मग विचारलं, व्हिसाचं सगळं नीट झालं ना? मला कळेना, ह्यांना माझ्या व्हिसाचं काय. ते त्यांच्या जपून-जपून बोलायच्या इंग्रजीत म्हणाले, ‘मिस्टर बाननी लिहून दिलं होतं की तुमच्याशिवाय काम पोलंडला सोपवता येणार नाही, साडेचार महिने लागतील. मी तो रिपोर्ट वाचला. मीही इंजिनिअर आहे. ते तीन आठवड्यांचं काम होतं.’

‘मग तुम्ही मंजूर का केलात?’

त्यांनी काचेपलीकडे जॅकवर उचललेल्या गाडीकडे पाहिलं. ‘वीस वर्षांत त्यांनी एकही खोटा रिपोर्ट दिला नव्हता,’ ते म्हणाले. ‘म्हणून वाटलं, हा त्यांना फार गरजेचा असणार.’

त्या रविवारी मी फोन करून वॉटफर्डला गेले. दार भाऊंनीच उघडलं. दोन वर्षांत केस पार पांढरे झाले होते. ‘या,’ एवढंच म्हणाले, जणू मी मागच्या आठवड्यात येऊन गेले होते. शैलावहिनींनी गोळाभात केला होता. जेवण होईपर्यंत मी विषय काढला नाही. मग वहिनी उठून आत गेल्या, मुद्दामच असावं.

‘भाऊ, ते काम किती दिवसांचं होतं?’

‘तीन आठवड्यांचं.’

‘मग साडेचार महिने...’

‘तुमची तारीख जानेवारीत होती. तुम्हीच सांगितलं होतं एकदा. म्हटलं, महिनाभर वर असू द्यावा.’

‘मला सांगितलं का नाहीत? तेव्हा राहू दे, नंतर तरी?’

ते ताटातल्या शेवटच्या भातावरून बोट फिरवत राहिले. ‘सांगितलं असतं तर तुम्ही आभार मानले असते. मग मलाही वाटायला लागलं असतं का मी काही चांगलं काम केलं. ते खोटं होतं, गौरीताई. खोटा रिपोर्ट होता. मी सही केली त्याच्यावर.’ आणि मग, ‘पॉलसाठी तर मी तेवढंही नाही केलं.’

‘पॉलला व्हिसाचा प्रश्न नव्हता.’

‘नव्हता. पण त्या वयात त्याला कोण नोकरी देणार होतं? जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रोज त्याच्यासमोर बसून जेवलो मी. रोज. तो मला कोडं दाखवायचा... मी दोन पत्रं लिहिली त्याला नंतर. उत्तर नाही आलं. नाही येणार.’

मी कार पार्कमधल्या वाक्याची माफी मागितली. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते पहिल्यांदा हसले. ‘ते वाक्य मी त्या दिवशी गाडीत कोरियनमध्ये करून पाहिलं. वॉटफर्ड आलं तरी नीट नाही जमलं.’

मी त्यांना पूर्ण माफ केलं का, असं निखिलने मला परतल्यावर विचारलं. ऑगस्टमध्ये त्या किचनमध्ये एक शब्द बोलले असते तर निखिलने कोर्स वर्षभर पुढे ढकलला असता आणि आम्हाला ते दिवस तसे काढावे लागले नसते. त्यांनी शब्द पाळला, आणि पाळल्यामुळे जे आमच्यावर कोसळणार होतं त्याला स्वतःच्या सहीचा टेकू लावला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच महिन्यात, कुणाला न सांगता केल्या. मी निखिलला म्हटलं, मला माहीत नाही. आजही तेच उत्तर आहे. पण त्यानंतरची दोन वर्षं मी महिन्यातून एकदा तरी वॉटफर्डला जात राहिले. भाऊंनी साठाव्या वर्षी नोकरी सोडली. शनिवारी ते तिथल्या लायब्ररीत नव्याने आलेल्या मराठी-हिंदी कुटुंबांना कौन्सिलची, शाळेची, डॉक्टरची पत्रं समजावून सांगायला बसत. पत्रात लिहिलेलं तेवढंच सांगायचं, आपलं काही घालायचं नाही, हा नियम तिथेही होता. एका बाईंच्या मुलाला हव्या त्या शाळेत जागा नाकारल्याचं पत्र होतं. ते त्यांनी वाचून दाखवलं, आणि मग तिच्यासोबत बसून, जेवायला घरी न जाता, अपिलाचा अर्ज भरला. शैलावहिनी तेव्हा माझ्याकडे तक्रार करत होत्या, ‘नोकरीत असताना संध्याकाळी तरी घरी यायचे गं.’

भाऊंचे अंत्यसंस्कार वॉटफर्डच्या क्रिमेटोरियममध्ये पंधरा दिवसांनी झाले, इथे तेवढा वेळ लागतोच. चाळीस-एक माणसं होती. लायब्ररीतली तीन-चार कुटुंबं, वहिनींच्या शाळेतल्या शिक्षिका, लेस्टरहून आलेले एक मावसभाऊ. पॉल आला नाही. त्याचं कार्ड आलं होतं. आत काहीच लिहिलेलं नव्हतं, खाली फक्त ‘पॉल, टेस्ट लॅब’. लॅब बंद होऊन चार वर्षं झाली होती. तन्वीला ते कार्ड विचित्र वाटलं. मी तिला म्हटलं, जपून ठेव.

आन बुजांग सकाळच्या विमानाने जर्मनीहून आले. काळा सूट, काळा टाय. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘मोठ्या भावाच्या बायकोला तुमच्या भाषेत काय म्हणतात?’ मी सांगितलं. त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत दोन-तीनदा म्हटला. मग पुढे जाऊन बूट काढले, भाऊंच्या फोटोसमोर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. उठले, पुन्हा खाली गेले, पुन्हा कपाळ टेकलं. तिथला इंग्लिश कर्मचारी अर्धवट पुढे सरकला, त्याला वाटलं म्हातारा पडला. शैलावहिनी पुटपुटल्या, ‘अहो, राहू द्या...’ आन बुजांग उभे राहिले, तसेच मोज्यांवर त्यांच्यासमोर गेले, वाकले आणि म्हणाले, ‘वाहिनी-निम.’ सकाळपासून वहिनींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या तिथे पहिल्यांदा रडल्या.

गेल्या रविवारी मी पुन्हा वॉटफर्डला गेले होते. भाऊंचे कपडे चॅरिटी शॉपला द्यायचे होते, त्याच्या पिशव्या भरल्या. तन्वी शर्टांच्या घड्या घालत होती. कुठलाच शर्ट फारसा जुना नव्हता आणि कुठलाच नवा नव्हता. कपाट रिकामं झाल्यावर वहिनी त्यात हात घालून काहीतरी शोधत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘झालं वाटतं.’ आम्ही चहा घेतला. निघताना मी दारात कोट घालत होते, तर वहिनी आतून ओरडल्या, ‘तन्वी, मावशीला सांडगी मिरची दे गं, निखिलला आवडते.’

तन्वी बरणी घेऊन आली. छोटीशी बरणी, जॅमची, कुणीही एका हाताने पुढे करावी अशी. तिने ती उजव्या हातात धरली होती, आणि डावा हात उजव्याच्या कोपराखाली लावून, किंचित पुढे झुकून तिने ती मला दिली. मी बरणी घेतलीच नाही, हाताकडे बघत राहिले. भाऊ सगळं असंच द्यायचे. स्टेपलर, किल्ली, कॉफीचा कप, पॉलची पोळी, साहेबांना द्यायचा रिपोर्ट, सगळं. कोरियात शिकलेलं ते त्यांच्या अंगातच मुरलं होतं. पाच वर्षं मी रोज पाहिलं होतं आणि इतकं रोजचं होतं, की ह्या लेखात इथपर्यंत येऊनही ते लिहायचं मला सुचलं नव्हतं.

‘हे कुठे शिकलीस?’ मी विचारलं.

‘काय?’

‘हा हात. असा.’

तन्वीने खाली वाकून स्वतःच्या कोपराकडे पाहिलं, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा तिथे राहून गेला होता. ‘आय डोन्ट नो,’ ती म्हणाली. ‘देताना असंच देते ना सगळे?’

मी दोन्ही हात पुढे केले आणि बरणी घेतली.